हॉल-बेडरूम सजवायचीय? खर्च किती आणि पैसा गळतो कुठे

तुमचा वन किंवा टू बीएचके फ्लॅट आहे. घर नवं नाही, पण राहण्यात चांगलं आहे. हॉल आणि एक बेडरूम जरा उठून दिसावी, पाहुणा आत आल्यावर दारातच थबकावा, एवढी इच्छा आहे आणि हाताशी लाख-दीड लाख रुपये आहेत. हा लेख तुमच्यासाठी. किचन आणि बाथरूम यात धरलेली नाहीत, त्यांचा हिशेब वेगळा.

खालचे दर पुणे, ठाणे आणि मुंबईच्या उपनगरांत साधारण चालतात तसे आहेत. लहान शहरांत मजुरी कमी पडते, माल मात्र जवळपास त्याच भावानं मिळतो. दर ब्रँडप्रमाणे आणि हंगामाप्रमाणे हलतात, म्हणून ते अंदाज म्हणून धरा आणि किमान तीन ठिकाणी विचारा.

खोली उठून दिसते ती तीन गोष्टींनी: प्रकाश, एक ठळक भिंत आणि पडदे. नव्या रंगासकट हे सगळं एका खोलीला ३५ ते ४५ हजारांत होतं. बजेट फाटतं ते पूर्ण फॉल्स सीलिंग आणि सुतारकामात. त्यामुळे आधी या तीन गोष्टी करून घ्या, महिनाभर त्या खोलीत राहा आणि मगच बाकीचं ठरवा.

आधी ओल, मग सोसायटी

भिंतीला ओल असेल तर एक रुपयाही सजावटीवर घालू नका. कोपऱ्यात रंगाचे पापुद्रे सुटलेत का, पांढरी भुकटी येते का, खिडकीखाली डाग आहे का, ते बघा. ओलीवर लावलेला वॉलपेपर पहिल्या पावसाळ्यात सुटतो आणि मागे बुरशी धरते. इमारत नवी असेल तर थांबा: ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करून द्यायचा असतो. रेरा कायद्याचं कलम १४(३) हेच सांगतं. फोटो काढा, लेखी पत्र द्या, पोच घ्या. तुम्ही आधीच तोडफोड केलीत, तर दोष तुमच्या कामामुळे आला असं म्हणायला बिल्डर मोकळा होतो.

ओल वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून येत असेल, तर सोसायटीला लेखी कळवा. दुरुस्ती होऊन भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंगाऱ्याला बोलावू नका, तो कितीही म्हणो की ‘वॉटरप्रूफ पुट्टी मारतो, काही होत नाही’.

सोसायटीची परवानगी रंगकामालाही बऱ्याच ठिकाणी लागते. सेक्रेटरीच्या नावे अर्ज, कामाचं स्वरूप आणि तारखा, ठेकेदाराचं नाव व फोन, प्रत्येक कामगाराच्या आधार कार्डाची प्रत आणि फोटो, तुमचं हमीपत्र आणि अनामत रकमेचा चेक, एवढं सहसा मागतात. अनामत ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत काहीही असू शकते. ती परत मिळणारी आहे का, त्यातून राडारोड्याचे किती कापणार, लिफ्ट वापरण्याचे वेगळे पैसे आहेत का, हे तीन प्रश्न विचारून उत्तर पावतीवर लिहून घ्या. कामाच्या वेळाही विचारा. बहुतेक ठिकाणी सकाळी ९-१० ते संध्याकाळी ६, दुपारी ठोकाठोकी बंद आणि रविवारी काम बंद असतं. ठेकेदार ‘दहा दिवसांत’ म्हणतो ते पूर्ण दिवस धरून. तुमच्या सोसायटीत त्याचे चौदा होतात.

रंग, दिवे, पडदे, वॉलपेपर, जिप्सम सीलिंग यांना महापालिकेची परवानगी लागत नाही. भिंत पाडणं, बाल्कनी खोलीत घेणं, खिडकीची जागा बदलणं हे त्यात येत नाही. ‘सगळेच करतात’ म्हणणाऱ्या ठेकेदाराच्या नावानं नोटीस येत नाही, तुमच्या नावानं येते. भाड्याच्या घरात असाल तर मालकाची संमती किमान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लेखी घ्या, नाहीतर डिपॉझिटमधून पुन्हा रंग मारण्याचे पैसे कापले जातील.

प्रकाश: सर्वांत जास्त फरक इथं पडतो

खोलीच्या मधोमध एक ट्यूब, तीही निळसर पांढरी, म्हणजे ६५०० केल्विनची. आपल्या बहुतेक घरांत हेच असतं. त्या उजेडात महागडा रंगही फिका आणि सपाट दिसतो. बेडरूमला २७०० ते ३०००, हॉलला ३००० ते ४००० केल्विन घ्या. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो. त्याच्याजवळच सीआरआय असा आकडा असतो, तो ९० च्या पुढे असेल तर लाकूड, कापड आणि माणसाचा चेहरा खऱ्या रंगात दिसतो. ८० चा दिवा थोडा स्वस्त मिळतो, पण ज्या भिंतीवर आणि पडद्यावर तुम्ही पैसे घालणार त्यांच्यावर तो रोखू नका. खोक्यावर बीआयएस नोंदणीचा ‘आर’नं सुरू होणारा नंबर नसेल तर तो माल परत ठेवा.

छतात बसणारा चांगला सीओबी दिवा २५० ते ७०० रुपयांना मिळतो. ठळक भिंतीपासून दीड-दोन फुटांवर असे तीन दिवे ओळीनं बसवले की भिंतीवर उजेड वरून उतरतो आणि पोत उठून येतो. सीलिंग करायचं नसेल तर वरच बसणारे सरफेस दिवे किंवा ट्रॅक घ्या. जोडीला एक उभा लॅम्प आणि एक टेबल लॅम्प घेतला की झालं, त्यांना ना वायरमन लागतो ना परवानगी.

दिव्यापेक्षा महाग पडतो तो पॉइंट. वायरमन प्रत्येक पॉइंटचे ३५० ते ९०० रुपये घेतो, आणि पॉइंट कशाला म्हणायचं हे आधी ठरलेलं नसेल तर बिल दुप्पट होतं. एका बटणावर तीन दिवे, तर पॉइंट एक की तीन? स्विच, प्लेट, बॉक्स, वायर त्यात धरली की वेगळी? भिंत कापल्यावर ती बुजवणार कोण, वायरमन की रंगारी? दोघंही ‘ते माझं काम नाही’ म्हणतात आणि शेवटी तुम्ही तिसऱ्याला पैसे देता. हे सगळं कोटेशनमध्ये लिहून घ्या. नव्या टॉवरमध्ये फ्लॅट असेल तर आधी विचारा, की बांधकाम मिवान पद्धतीचं आहे का. तसं असेल तर आतल्या भिंतीही काँक्रीटच्या असतात आणि त्या कापून वायर टाकता येत नाही. मग केसिंग पट्टी, सीलिंगमधून वायर किंवा पॅनलच्या मागून वायर, एवढेच मार्ग उरतात. हे न सांगता भिंतीला कटर लावणारा माणूस घराबाहेर काढा.

सीलिंगच्या खाचेत लावायची एलईडी पट्टी ५ मीटरच्या गुंडाळीत मिळते. १२ व्होल्टची पट्टी सलग जोडत नेली तर पुढच्या टोकाला उजेड मंद होतो, म्हणून दर ५ मीटरला वेगळी जोडणी मागा. तिचा ड्रायव्हर हाताला येईल अशा जागी ठेवायला सांगा. पट्टीच्या आधी तो जातो, आणि तो बदलायला सीलिंग कापावं लागलं तर तीनशे-चारशेची वस्तू तीन हजारांना पडते.

खरेदी स्वतः करा. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लोहार चाळ. वायरमनला सोबत न्यायचंच असेल तर भाव तुम्ही एकट्यानं आदल्या दिवशी काढून ठेवा, कारण काही दुकानं आणणाऱ्याचं कमिशन भावात धरतात.

रंग आणि ती एक भिंत

बेडरूम १० बाय १२ ची, उंची साडेनऊ फूट, असं धरू. चार भिंतींचा घेर ४४ फूट, गुणिले साडेनऊ, म्हणजे ४१८ चौरस फूट. छत १२०. दार-खिडकीचे साधारण ४० वजा केले की सुमारे ५०० चौरस फूट उरतात. जुन्या रंगावर डागडुजी, प्रायमर आणि चांगल्या इमल्शनचे दोन हात, याला चौरस फुटाला मालासह १८ ते २८ रुपये पडतात. २२ नं धरलं तर ११ हजार. पूर्ण खरवडून नवी पुट्टी लावायची असेल तर ३० ते ४० पर्यंत जातं.

आता रंगारी कुठे वाढवतो ते बघा. दार-खिडकी वजा करत नाही, कडा काढाव्या लागतात म्हणतो. यात थोडं तथ्य आहे, निम्मं वजा करून मिटवा. पण ‘कपाटामागची भिंत’ मोजतो आणि रंगवत नाही, हे चालवून घेऊ नका. फर्निचर झाकणं, हलवणं, शेवटची साफसफाई, उंच जागेसाठी परांचा या चारही गोष्टी दरात आहेत असं लिहून घ्या. टेप तुम्ही धरा. मोजमाप काम सुरू होण्यापूर्वी दोघांच्या सहीनं कागदावर आलं की नंतर वाद उरत नाही.

माल तुम्ही आणणार असाल तर हिशेब सोपा आहे. गुळगुळीत भिंतीवर चांगलं इमल्शन दोन हातांत लिटरला साधारण १२० ते १४० चौरस फूट चालतं, नेमका आकडा बादलीवर असतो. ५०० चौरस फुटांना ४ लिटर लागतात. रंगारी १० लिटर मागत असेल तर कारण विचारा. मशीनवर बनवलेली शेड दुकानदार परत घेत नाही, म्हणून आधी छोटा सॅम्पल डबा आणून दोन फूट बाय दोन फुटाचा तुकडा रंगवा आणि तो सकाळी, दुपारी, रात्री दिव्याखाली बघा. शेडकार्डावरचा इंचभर चौकोन भिंतीवर आल्यावर बहुधा गडद वाटतो. मोठ्या भिंतीसाठी दोन डबे लागले तर दोन्हींचा बॅच नंबर एकच असू द्या. बादल्या तुमच्यासमोर उघडायला लावा. आणि रंगारी एकाच कंपनीचा आग्रह धरत असेल, तर त्यामागे बादलीतलं टोकन किंवा कूपनही असू शकतं. त्याला ते मिळायला हरकत नाही, पण निवड तुमची हवी.

ठळक भिंत एकच करा. हॉलमध्ये सोफ्यामागची किंवा टीव्हीची, बेडरूममध्ये पलंगाच्या डोक्याकडची. दोन भिंती केल्या की नजर कुठेच ठरत नाही आणि खर्च मात्र दुप्पट होतो. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याच कंपनीची गडद शेड, यात जादा खर्च जवळपास शून्य. त्यानंतर टेक्स्चर, चौरस फुटाला ४० पासून दीडशेपर्यंत. पण ते खरवडताना पुढच्या वेळी पुट्टीसकट निघतं, हे लक्षात ठेवा.

वॉलपेपरची गोम रोलमध्ये आहे. एक रोल २१ इंच रुंद, ३३ फूट लांब, म्हणजे ५७ चौरस फूट. १२ फूट रुंद, साडेनऊ फूट उंच भिंत ११४ चौरस फूट भरते, म्हणजे हिशेबानं दोन रोल. पण रोलमधून साडेनऊ फुटांच्या पूर्ण पट्ट्या तीनच निघतात, उरलेला साडेचार फूट तुकडा वाया जातो. १२ फुटांना सात पट्ट्या लागतात, म्हणून रोल तीन. नक्षी खूप मोठी असेल तर ती जुळवताना रोलमागे दोनच पट्ट्या निघू शकतात, मग चार रोल. दुकानात रोल ठरवण्याआधी नक्षीचं अंतर विचारा आणि हा हिशेब तिथंच कागदावर मांडा. मध्यम प्रतीचा रोल दीड ते साडेतीन हजार, चिकटवणी रोलमागे ४०० ते ८०० रुपये. अडीच हजारांचे तीन रोल आणि मजुरी धरून ९ हजार होतात. न उघडलेला रोल परत घेणार का, ते बिलावर लिहून घ्या.

सध्या सगळीकडे दिसणारी उभ्या खाचांची पॅनल बसवून चौरस फुटाला १०० ते २५० पडतात. पूर्ण भिंत भरू नका. तीन-चार फुटांचा उभा पट्टा, त्यावर वरून एक दिवा, एवढं पुरतं. कडेच्या पट्ट्या आणि स्क्रू-सोल्यूशन ‘एक्स्ट्रा’ म्हणून शेवटी येतात, ते आधीच दरात घ्या.

फॉल्स सीलिंग: शक्यतो अर्धंच

साडेनऊ फुटांच्या खोलीत पूर्ण सीलिंग केलंत की सहा ते आठ इंच जातात आणि खोली दबते. पंख्याची दांडी बदलावी लागते ती वेगळीच. पंखा नेहमी मूळ स्लॅबच्या हुकावरच टांगायचा, सीलिंगच्या पत्र्यावर कधीही नाही.

फक्त कडेनं दोन फुटांचा पट्टा केलात तर खोली उंचच राहते आणि खाचेतला उजेडही मिळतो. १० बाय १२ च्या खोलीत हा पट्टा ७२ चौरस फूट भरतो. ठेकेदार मात्र पूर्ण १२० चं बिल लावतो, वर आतल्या उभ्या पट्टीचे २८ रनिंग फूट वेगळे, आणि दिव्यांसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाचे पुन्हा वेगळे. जिप्समचा दर चौरस फुटाला ९० ते १२० चालतो. प्रत्यक्ष जेवढा बोर्ड लागला तेवढंच मोजायचं, उभी पट्टी आणि भोकं त्यातच, असं बोलून घ्या. लेखी देत नसेल तर दुसरा ठेकेदार बघा, या कामाला माणसांची कमतरता नाही. जिप्सम तीन-चार दिवसांत होतं. पीओपीला सुकायला जास्त वेळ लागतो आणि धूळ फार.

पडदे

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीवर न लावता छताच्या चार-सहा इंच खाली लावा आणि पडदा जमिनीला टेकू द्या. खिडकी मोठी वाटते, खोली उंच वाटते, आणि कापड तेवढं थोडं जादा लागतं. सहा फूट खिडकीला तीन पॅनल धरा. नऊ फूट लांबीला दुमडीसह पॅनलमागे सुमारे ३.१ मीटर, म्हणजे तिन्हीला साडेनऊ मीटर. ४०० रुपये मीटरनं ३,८०० रुपये, शिलाई पॅनलमागे २०० ते ३००. रॉड, कडे, बसवणं धरून साडेपाच ते सहा हजारांत एक खिडकी होते. अस्तर लावलंत तर शिलाई आणि कापड दोन्ही वाढतात, ते फक्त पश्चिमेच्या खिडकीला लावा. सुती कापड आटतं, म्हणून आधी धुऊन शिवायला सांगा. मुंबईकरांनी कापड मंगळदास मार्केटमध्ये घेऊन जवळच्या शिंप्याकडे शिवलं, तर ‘मोफत मोजमाप’ देणाऱ्या शोरूमपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

सुतारकामाविषयी थोडक्यात

ते करायचंच असेल तर प्लायवर आयएसआय चिन्ह आणि आयएस नंबर बघा. आयएस ३०३ हॉल-बेडरूमला पुरतो, आयएस ७१० ओलाव्याच्या जागेसाठी. चिन्हाजवळचा सीएम/एल नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून तपासा, दोन मिनिटांचं काम आहे. कपाटाचा दर दर्शनी चौरस फुटांवर सांगतात. त्यात ड्रॉवर, आतला लॅमिनेट, चॅनल, हँडल, आरसा, वरचा लॉफ्ट धरलाय का, ते एकेक नाव घेऊन विचारा. ८ फुटांचा प्लाय साध्या लिफ्टमध्ये मावत नाही. जिन्यानं चढवण्याची हमाली नगामागे आणि मजल्यामागे लागते. सातव्या मजल्यावर राहत असाल तर ही रक्कम कोटेशनमध्ये शोधा, नसेल तर ती नंतर येणार आहे.

डिझायनर, बिल आणि पैसे देण्याची रीत

दोन खोल्यांसाठी पूर्ण वेळचा डिझायनर बहुधा लागत नाही. एकदाच घरी येऊन आराखडा, शेड आणि दिव्यांच्या जागा लिहून देणारे ३ ते १० हजार घेतात, तेवढं पुरतं. पूर्ण काम दिलंत तर फी खर्चाच्या ८ ते १२ टक्के असते. थ्रीडी चित्रं किती मिळणार, बदल किती वेळा फुकट, साइटवर किती फेऱ्या, हे लिहून घ्या. इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही, आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला मात्र कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते. म्हणून कार्डावरच्या पदव्यांपेक्षा त्यानं पूर्ण केलेलं एक घर प्रत्यक्ष बघा आणि त्या घरच्यांशी एकटे बोला.

इंटिरियरच्या कामावर जीएसटी १८ टक्के आहे. दर सांगताना तो धरलाय का, हा पहिला प्रश्न. नोंदणी नसलेला ठेकेदार जीएसटी लावूच शकत नाही, आणि कंपोझिशन योजनेतला दुकानदार तो बिलात वेगळा घेऊ शकत नाही. १५ अक्षरांचा नंबर जीएसटी पोर्टलवर टाका, महाराष्ट्राचा असेल तर तो २७ नं सुरू होतो. ‘बिल नको, १८ टक्के वाचतील’ असं म्हणणाऱ्याला तुमच्यापेक्षा स्वतःचं जास्त वाचवायचं असतं. कच्च्या चिठ्ठीवर पॅनल सुटलं, ड्रायव्हर जळाला, तर तुमच्या हातात दाखवायला काही राहत नाही.

आगाऊ रक्कम १० ते २० टक्क्यांच्या वर देऊ नका. पुढचे पैसे कामाच्या टप्प्यांवर: वायरिंग झालं, सीलिंग झालं, पहिला हात झाला. शेवटचे १० टक्के काम संपल्यावर पंधरा दिवसांनी. यूपीआय किंवा चेकनं द्या आणि टप्प्याचं नाव नोंदीत लिहा. सण जवळ आला की कारागीर उचल मागतात. गावी जाणाऱ्याला थोडी मदत जरूर करा, पण झालेल्या कामापेक्षा जास्त रक्कम पुढे गेली की परतीची तारीख लांबते.

कधी करावं? पावसाळ्यात पुट्टी आणि रंग सुकत नाहीत. गणपती ते दिवाळी रंगारी मिळत नाहीत आणि मिळाले तर जादा घेतात. दिवाळी-छठ आणि होळीला उत्तर भारतातले सुतार गावी जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. क्रम असा ठेवा: वायरिंग, सीलिंग, सुतारकाम, रंगाचा पहिला हात, दिवे, रंगाचा शेवटचा हात, वॉलपेपर, पडदे. सुतारकाम नसेल तर दोन खोल्यांना दोन ते तीन आठवडे धरा, असेल तर दीड महिना.

काम अर्धवट टाकून कुणी गायब झाला, तर आधी व्हॉट्सअ‍ॅप आणि स्पीड पोस्टानं मुदत देऊन कळवा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथं न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या करता येते, वकील असलाच पाहिजे असं नाही. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, मुदत २ वर्षांची. कोटेशन, दोघांच्या सहीचं मोजमाप, पैसे दिल्याच्या नोंदी, कामाआधीचे आणि नंतरचे फोटो जोडा.